निळीची बाटली आणि अर्धी कळशी

सानपाड्यात आमच्या सोसायटीच्या मागे जुन्या गावाचा तलाव आहे. फ्लॅट दाखवणाऱ्याने त्याचं मोठं कौतुक केलं होतं. राहायला आल्यावर आम्ही त्या बाजूच्या खिडक्या बंद केल्या, पाण्याच्या वासामुळे, कायमच्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि मी जाहीर केलं, आता हा तलाव सुधारायचा. माझं एकदा ठरलं की घरातले वाद घालत नाहीत, नुसते बाजूला होतात.

सोसायटीतल्या बायकांना मी पाणी साफ करणारं एन्झाइम करायला बसवलं. लिंबाची, संत्र्याची सालं, गूळ आणि पाणी, तीन महिने ड्रममध्ये मुरवायचं. फोनवर ज्याच्या त्याच्या ग्रुपवर तेच चाललं होतं. होळीनंतरच्या रविवारी आम्ही ओढण्या खोचून तलावाच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलो आणि ड्रमवर ड्रम पाण्यात रिकामे केले. मग फोटो झाले. मी छोटंसं भाषणही ठोकलं.

मंगळवारी सकाळी फिरायला गेले तर मासे पाण्यावर येऊन आ वासत होते. पायऱ्यांपाशी काही मरून पडले होते. तलावाला लागून जिचं घर आहे ती आगरी मावशी ते टोपलीत गोळा करत होती.

"काय टाकलं पान्यात तुमी?"

"गूळ आणि फळांची सालं. औषध म्हणून."

"आधीच त्याचा पोट फुगलाय. त्यात तुमी गोड घातलं?"

कुजणारी वस्तू पाण्यातला प्राणवायू खाते, हे मी नववीच्या पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. उत्तर चुकलं तर मार्क कापले होते. आणि स्वतः? लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला, स्वतःचाच.

मावशी टोपली बाजूला ठेवून पायरीवर बसली. त्यांच्या घरात लग्न असलं की हळदीचं पाणी वाजतगाजत याच तलावातून आणायचे. ती स्वतः याच पाण्याने न्हाली होती, तिच्या लेकीही. "मोठे नातीचे टायमाला टँकरचा पानी आनला," ती म्हणाली. "आता तुळशीचा लगीन झाला का मधलीचा हाय. तवा काय करू?" मी म्हटलं, या तलावातलं आणू. ती हसली नाही की रागावली नाही. बोट दाखवून एवढंच म्हणाली, "मग पहिला तो पाइप बघा. तुमचे बिल्डिंगकडनं येतो."

तो पावसाच्या पाण्याचा पाइप होता. ऐन मार्चमध्ये त्याच्यातून पाणी येत होतं, फेसाळ, आणि त्याचा वास माझ्या ओळखीचा होता. आमच्या वॉशिंग पावडरचा.

घरी गेले. आमचं मशीन बहुतेकांसारखंच मागच्या बाल्कनीत आहे आणि त्याची नळी बाल्कनीच्या फरशीतल्या जाळीत सोडलेली. जाळीतून पाणी कुठे जातं, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला पडला नव्हता. मी जाळीत निळीची अख्खी बाटली ओतली, नवऱ्याला म्हटलं मशीनमधलं पाणी सोड, आणि तलावावर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने पाइपातून निळं पाणी आलं. म्हणजे वर्षानुवर्षं तलावात माझंच धुणं जात होतं. आणि मी नाकाला पदर लावून गावाला नावं ठेवत होते.

दुसऱ्याच दिवशी प्लंबर बोलावून आमची नळी ड्रेनेजच्या पाइपला जोडून घेतली. मग एकेक दार वाजवायला सुरुवात केली. "साबणाचं पाणी स्वच्छच असतं ना?" असं लोक मला विचारत. कोणी म्हणे, टाइल्स फुटतील. कोणी दार अर्धंच उघडे. मी वाद घातला नाही. हातात निळीची बाटली होती, ती त्यांच्या जाळीत ओतायची आणि त्यांना तलावावर घेऊन जायचं. स्वतःच्या घरातलं पाणी निळं होऊन बाहेर येताना पाहिलं की माणूस गप्प होतो. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका तीनदा टाळून चौथ्यांदा आले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी प्लंबर बोलावला. पावसाळा तोंडावर येईपर्यंत आमचा पाइप कोरडा पडला. मी रोज सकाळी जाऊन त्यात बोट घालून बघत होते, लोक हसले तरी.

मार्गशीर्षात मावशीकडे हळद होती. मला बोलावणं आलं. बँजो वाजत होता, बायका नाचत पायऱ्यांपर्यंत आल्या. मावशी कळशी घेऊन खाली उतरली. ओंजळ भरली, वास घेतला, सोडून दिली. पुन्हा भरली. मग तिने कळशी बुडवली आणि अर्धी भरताच वर उचलली.

"अर्धीच?" मी विचारलं.

"बाकी नळाचा. अजून वास येतो थोडा." तिने कळशी धाकट्या नातीच्या डोक्यावर दिली. "पुरी भरू धाकटीचे लग्नाला."

मी पाण्याकडे पाहिलं. पलीकडच्या काठाला शेजारच्या बिल्डिंगचा पाइप होता, आणि तो ओला होता.

धाकटी आता दहावीला आहे. तिचं लग्न होईल तेव्हा मी सत्तरीला आलेली असेन. हळदीचं जेवण पोटभर जेवले, हात धुतले, घरून निळीची बाटली घेतली आणि शेजारच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींची बेल वाजवली.