रविवारचं टेबल

ठकीच्या घरात हॉटेलात जेवणं हे आजारपणासारखं होतं. नाइलाज झाला तरच. बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचे. दिवसभर बारीक बघून डोळे शिणले की घरचं ताट हाच त्यांचा विसावा. आई दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा ठरवायची, संध्याकाळी घरी यायची आणि पर्स खुंटीला अडकवून थेट ओट्यापाशी उभी राहायची. "बाहेर जेवायला माणूस भुकेने जात नाही, आळसाने जातो," असं बाबा म्हणायचे. आळस करून बघायची वेळ आईवर कधी आलीच नव्हती.

ठकी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून मावशीने ते ठेवलं, आणि ते असं चिकटलं की शाळेतल्या बाईसुद्धा हजेरी घेताना चुकायच्या.

परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं कळलं त्या दिवशी बाबा आपण होऊन म्हणाले, "चला, आज बाहेर." तिघं चौकातल्या एका साध्याशा हॉटेलात गेले. वेटरने येऊन काय हवं विचारलं तेव्हा आई गोंधळली. काय हवं, हे तिला इतक्या सरळ बऱ्याच वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. तिने शेवटी मासा मागवला आणि काटे काढत इतक्या सावकाश जेवली, की बाबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. ठकीला मात्र ते सगळं फार आवडलं. दुसऱ्याने वाढलेलं गरम ताट, शेजारच्या टेबलावरचं हसणं, आणि हात धुऊन नुसतं उठून जाणं. तिला हॉटेलची चटक लागली ती तिथे.

तिकडे गेल्यावर तिने सांडपाणी शुद्ध कसं करतात ते शिकायला घेतलं. आठवडाभर मोठाल्या टाक्यांच्या काठावर उभं राहून बाटल्या भरायच्या आणि त्यात काय काय तरंगतंय ते तपासायचं. "दिवसभर असलं बघून तुला जेवण जातं तरी कसं?" असं वर्गातली मुलं विचारायची. ठकी म्हणायची, "उलट जास्तच जातं." आणि ते खरं होतं. रविवारी ती नवीन हॉटेल शोधायची. कुठे वाफाळणारं सूप, कुठे कोळशावर भाजलेल्या भाज्या, कुठे नुसता ताजा पाव आणि लोणी. शेवटी जिन्याखालच्या एका अरुंद हॉटेलात ती रुळली. तिथली मालकीण धिप्पाड, कमी बोलणारी, आणि ठकी आली की न विचारता खिडकीजवळची खुर्ची ओढून द्यायची.

पहिले काही महिने ठकी जेवताना घरी फोन लावायची. समोर कधी आई दिसायची, कधी बाबा. दोघं एका वेळी क्वचित. मग हिवाळ्यातल्या एका रविवारी फोन उचलला गेला तो दिव्यांच्या माळेखाली.

"कुठे आहात तुम्ही?"

"हॉटेलात," बाबा म्हणाले, आणि लाजल्यासारखे हसले. "म्हटलं, तू एकटीच मजा का करावीस."

आईने कडेने डोकं आत घातलं. "अहो, फोन जरा लांब धरा. नुसतं नाक दिसतंय तुमचं."

तेव्हापासून तो नेमच झाला. तिची दुपार म्हणजे त्यांची रात्र. इकडे ठकी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायची, तिकडे बाबा लोणच्याच्या बरणीला. तीन ताटं, दोन देश, एक टेबल. बाबा आपल्या ताटातला चांगला तुकडा उचलून आईच्या ताटात ठेवायचे. आई "पुरे हो" म्हणायची आणि खायची. बाबांना आंबट चालत नाही, आईला तिखट सोसतं, बाबा विनोद सांगताना शेवट आधीच सांगून टाकतात, हे सगळं ठकीला घरात इतकी वर्षं राहून कळलं नव्हतं, ते फोनवर कळलं.

तिची तिथली जवळची मैत्रीण वर्गातलीच होती. एवढी उंच, की ठकी तिला शिडी म्हणायची. शिडीचे आईवडील ती सात-आठ वर्षांची असतानाच वेगळे झाले होते. दोन घरं, दात घासायचे दोन ब्रश, सुट्टीची वाटणी. कधीकधी ती त्या टेबलावर येऊन बसायची आणि फोनकडे बघून हात हलवायची.

"माझे आईबाबा म्हातारपणी प्रेमात पडलेत," ठकी तिला म्हणाली. "आधी एकमेकांशी किराण्यापुरतं बोलायचे. मी निघून आले आणि बघ."

"नशीबवान आहेस," शिडी म्हणाली.

ठकीला त्या क्षणी तिची कीव आली. तिने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "काहींचं उशिरा जमतं. तुझ्याही घरी वेळ मिळाला असता तर जमलं असतं." हे बोलणं पुढे तिला फार टोचायचं होतं.

जाऊन दोन वर्षं झाल्यावर ठकी महिनाभरासाठी घरी आली. विमानतळावर दोघं तिला घ्यायला आले होते. त्या रात्री हॉटेल, दुसऱ्या रात्री हॉटेल, तिसऱ्याही. गच्चीवरचं, तळ्याकाठचं, जुन्या थिएटरशेजारचं. ठकीने मनसोक्त खाल्लं. "तू सुट्टीवर आहेस, आईलाही सुट्टी," असं बाबा म्हणायचे, आणि ठकीला वाटायचं, बाबा सुधारले.

काही गोष्टी तिला दिसल्या, पण तिने त्या पाहिल्या नाहीत. सकाळी चहा करताना आईने गाळणीसाठी तीन खण उघडले. "यांनी कुठे टाकलीय कोण जाणे," ती पुटपुटली. बाबा बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपायचे. पाठ धरते म्हणाले. आईचे कपडे कपाटात नव्हते, बॅगेत होते. "कपाटाला कसर लागलीय," आई म्हणाली. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि ठकीला ती पटत होती. पटवून घ्यायचंच असलं की माणूस न्यायाधीशापेक्षा वकील जास्त असतो.

सुट्टी संपायला आठवडा उरला असताना तिच्या मनात आलं, एक दिवस आपण रांधून वाढावं. दोघांना न सांगता. ती कोपऱ्यावरच्या दुकानात मीठ आणि तेल आणायला गेली. दुकानदार तिला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखायचा.

"अरे वा, कधी आलीस?" तो पुडी बांधत म्हणाला. "म्हणून आई आलीय होय. काल दिसली. आता राहणार, का परत मावशीकडे जाणार?"

ठकीचा चेहरा बघून त्याचे हात थांबले. मग त्याने बांधलेली पुडी पुन्हा सोडली, पुन्हा तोलली, आणि मान वर न करता म्हणाला, "माझ्या डोक्यात काहीतरी घोळ झाला असेल बाई. वय झालं."

ती मीठ तिथेच ठेवून निघाली. मावशीचं घर दोन बस स्टॉप पुढे. दार मावशीने उघडलं, आणि ठकीला एकटीला बघून तिने आधी तिच्या मागे पाहिलं. ठकी तिला ओलांडून आत गेली. मागच्या खोलीत खिडकीशी आईचं शिवणयंत्र होतं. घरी त्या जागी आता इस्त्रीचं टेबल होतं, ते तिला आत्ता आठवलं. पलंगाखाली आईच्या घरात घालायच्या चपला. भिंतीवर दवाखान्यातून मिळालेलं कॅलेंडर. खोली नवी नव्हती. कोणीतरी तिथे नीट, बऱ्याच काळापासून राहत होतं.

"कधीपासून?" ठकीने विचारलं.

मावशी खुर्चीच्या कडेवर बसली. "दीड वर्ष होऊन गेलं."

"म्हणजे ते हॉटेलातून फोन उचलायला लागले तेव्हापासून."

"रविवारी भेटायचे ते. तुझ्यासाठी. बाकी आठवड्यात एकमेकांना फोनसुद्धा नाही." मावशीने हात मांडीवर चोळले. "भांडण विचारशील तर भांडण नव्हतं बाळा. भांडायलाही काहीतरी शिल्लक लागतं. तू गेलीस आणि घरात दोन भाडेकरू उरले."

"आणि तुला माहीत होतं."

"सगळ्यांनाच होतं."

"मला सोडून."

"तुझा अभ्यास होता."

ठकी उठली. मावशी दारापर्यंत आली, "पाणी तरी पिऊन जा" म्हणाली, पण ठकी जिना उतरून गेली होती.

त्या संध्याकाळी ती ठरल्याप्रमाणे हॉटेलात गेली. आईबाबा आधीच येऊन बसले होते. बाबांनी खुर्ची सरकवली, आईने विचारलं, "कुठे गेली होतीस गं दिवसभर?" ठकी "इथेच" म्हणाली. जेवण आलं. बाबांनी काहीतरी विनोद सांगितला, आई हसली, ठकीने दोघांकडे नाटकाच्या दुसऱ्या प्रयोगाला बसल्यासारखं पाहिलं. काय केव्हा येणार ते तिला माहीत होतं. मग बाबांनी आपल्या ताटातला चांगला तुकडा उचलला आणि आईच्या ताटाकडे हात नेला.

"बाबा," ठकी म्हणाली, "आज रविवार नाही. आज कशाला एवढं करताय?"

हात मध्येच थांबला. आईला आधी कळलं. तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"कोणी सांगितलं?" ती म्हणाली.

"हा प्रश्न आहे का आई?"

बाबांनी तो तुकडा आपल्याच ताटात परत ठेवला, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. आयुष्यभर लोकांना शर्टाने काच पुसू नका म्हणून सांगणारा माणूस.

"तुझी परीक्षा होती तेव्हा," आई म्हणाली. "म्हटलं, झाल्यावर सांगू."

"माझ्या चार परीक्षा झाल्या तेव्हापासून."

"मग राहूनच गेलं. दर वेळी तू इतकी खूश असायचीस. तुझ्या त्या उंच मैत्रिणीला दाखवायचीस आम्हाला. कुठल्या तोंडाने सांगणार?"

"म्हणजे चूक माझ्या खूश होण्याची."

वेटर येऊन "आणखी काही?" म्हणाला आणि तिघांकडे बघून आपला आपणच परत गेला.

बाबांनी चष्मा घातला. "सगळंच खोटं नव्हतं गं," ते हळू म्हणाले. "तो एक तास आम्हालाही बरं वाटायचं. तुझ्यासमोर आमचं जमायचं. फोन ठेवला की पुन्हा काय बोलायचं ते सुचायचं नाही. बिल द्यायचं आणि आपापल्या रिक्षात बसायचं."

हे त्यांनी समजूत काढायला सांगितलं होतं. ठकीला ते सगळ्यात जास्त लागलं. इतके दिवस आपण त्यांच्याबरोबर जेवतोय असं तिला वाटत होतं, आणि ते दोघं तिच्या आधाराने तासभर उभे होते. आपण वेगळे होतोय हे मुलीला सांगायला ते घाबरले, एवढंच असतं तर तिने रडून घेतलं असतं. पण त्यांनी तिला हसवलं होतं. त्या हसण्याचं आता काय करायचं ते तिला कळेना.

"तुम्ही वेगळे राहा," ती म्हणाली. "त्याचं मला वाईट वाटेल, वाटू दे. पण दीड वर्ष मी सगळ्यांना सांगत फिरले. एका मुलीला तर मी वर शिकवलं, कसं जमतं म्हणून. नाव ठकी पडलं ते पडलं, ठकवायलाच हवं होतं असं नव्हतं."

आई रडली. बाबा तिला रुमाल द्यायला गेले आणि मध्येच थांबले, कारण आता प्रत्येक गोष्ट दाखवण्यासाठी केल्यासारखी दिसणार होती. आईने टेबलावरचा कागदी रुमाल घेतला.

त्या रात्री आई घरी आली नाही. बॅग न्यायला दुसऱ्या दिवशी मावशी आली. उरलेले दिवस ठकी दोन्हीकडे जाऊन बसली, पण जेवली घरीच, एकटी. बाबांना भात येत होता, चहा येत होता, आणि त्यांनी मुलीला न विचारता रोज दोन्ही केलं. विमानतळावर दोघं वेगवेगळ्या वेळी आले. आई आधी येऊन गेली; बाबा तिच्या जाण्याची वाट बघत गाडीतळाजवळ उभे होते. ठकीने ते काचेतून पाहिलं, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिला त्यांचा राग न येता नुसतं थकल्यासारखं झालं.

तिकडे पोहोचल्यावर तिने शिडीला सगळं सांगितलं, आणि त्या पाठीवर हात ठेवण्याबद्दलही माफी मागितली. शिडीने आधी तिच्यासमोर चहाचा कप सरकवला. मग म्हणाली, "त्यांना वेगवेगळे वार दे. एकाच दिवशी दोघांना फोन केलास तर तू तुलना करत बसशील."

ठकीने तसं केलं. आई बुधवारी, बाबा शनिवारी. रविवारी ती जिन्याखालच्या हॉटेलात जायची, पण बरेच दिवस तिला चव लागायची नाही. मालकिणीने एकदा ताट उचलताना अर्धं उरलेलं पाहिलं आणि पुढच्या वेळी न सांगता कमी वाढलं.

फोनवर बोलताना ठकीला नवी खोड लागली. बोलणाऱ्याच्या खांद्यामागे काय आहे ते ती बघायची. बाबा दुकानात आहेत म्हणाले तर मागे फ्रेमा दिसतायत का, आई एकटी आहे म्हणाली तर आवाज एकाच माणसाचा येतोय का. एका बुधवारी आई मावशीकडचं काहीतरी सांगत होती, आणि ठकी मध्येच म्हणाली, "आई, फोन जरा फिरव."

आई थांबली. मग तिने फोन सावकाश फिरवला. खिडकी, यंत्र, पलंग, घडी घातलेली चादर, दार.

"बघितलंस?"

"हो."

"दर वेळी दाखवू का?"

ठकीने जरा विचार केला. "अजून काही दिवस दाखव," ती म्हणाली. आई बरं म्हणाली, आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे सांगायला लागली.