दीड हात वायर

नवा कन्सोल घ्यायचा की नाही, यावर आमच्या घरात महिनाभर चर्चा चालू आहे. चर्चा म्हणजे काय, तर मुलगी सोफ्यावर मोबाइल घेऊन बसते आणि मी येरझाऱ्या घालत बोलतो.

"किंमत बघितलीस? आणि डिस्क घालायला साधी फटसुद्धा नाही. म्हणजे गेम विकत घ्यायचा, पण मैत्रिणीला द्यायचा नाही, कंटाळा आला तर विकायचा नाही. उद्या कंपनीला वाटलं की गेम गायब. मग आपण नक्की घेतलं काय?"

"बाबा, बसा ना."

"आणि पहिल्या दिवशी तो सुरूच होत नाही. आधी अपडेट. निम्मा गेम विकायचा, निम्मा मागाहून पाठवायचा. उद्या किराणावाला म्हणाला, तांदूळ आज घ्या, डाळीचं बघू, तर चालेल तुला?"

"तुम्ही शेवटचा कुठला गेम पूर्ण केलात?"

मी बसलो.

मी आयुष्यात एकही गेम पूर्ण केलेला नाही. मतं मात्र प्रत्येकावर आहेत. एकदाच, फक्त एकदाच, शेवट हातातोंडाशी आला होता, आणि तो घालवला माझ्या आईनं. चंदीगडला.

तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्या एका मोठ्या इस्पितळात डोळ्यांचे डॉक्टर होते. आम्ही मूळचे कोल्हापूरचे, राहायचो सेक्टर चोवीसमधल्या इस्पितळाच्या क्वार्टरांत, पहिल्या मजल्यावर. शहर आखीवरेखीव, फक्त पंजाबात दहशतवादाचे दिवस, म्हणून चौकाचौकात वाळूची पोती आणि पोत्यांमागे बंदूकवाले. शाळेत प्रार्थना झाली की बेवारस वस्तूंना हात लावू नका, ही सूचना व्हायची. अंधार पडायच्या आत आपापल्या घरी, हा नियम कुणी केलेला नव्हता, पण मोडतही कुणी नव्हतं. मग संध्याकाळी घरात कोंडलेल्या पोराचं करायचं काय? यावर उपाय म्हणून अण्णांनी दिल्लीहून टीव्ही गेम आणला.

काय मशीन होतं ते! परदेशी मालाच्या नकलेची नक्कल. खोक्यावर चित्र एकाचं, आत निघालं दुसरंच. अॅडॉप्टर असा तापायचा की थंडीत त्यावर हात शेकावेत. कॅसेटवर लिहिलेलं चौसष्ट गेम, असायचे सात. बाकीचे त्याच सातांचे रंग बदललेले. म्हणजे गिऱ्हाइकाला गंडवायची रीत आजची नाही. तेव्हा मी खुशीनं गंडायचो, एवढाच फरक. आणि कंट्रोलरची वायर जेमतेम दीड हात. नाक टीव्हीला लावूनच खेळावं लागायचं.

"डोळ्यांच्या डॉक्टरच्या पोराला चष्मा लागू दे, मग जग हसेल," आई म्हणायची. पुढे लागलाच. जग हसलं की नाही, माहीत नाही. आई हसली.

सगळ्यात वाईट म्हणजे, त्या मशीनमध्ये खेळ सेव्ह व्हायचा नाही. कुठवरही पोचा, बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. जेवायला जायचं तर पॉझ करायचा आणि वीज जाऊ नये म्हणून मनातल्या मनात हात जोडायचे.

तर तो रविवार. अण्णा रोपडच्या पुढे एका गावात नेत्रशिबिराला जाणार होते. शिबिरं चालूच असायची, कारण मोतीबिंदू काही परिस्थिती निवळायची वाट बघत नाही, असं ते म्हणायचे. जाताना त्यांची एक पद्धत होती. परतायची वेळ ते तासभर पुढची सांगायचे. सातला येतो म्हणाले की सहाला दारात. आईला काळजी करायला वेळच मिळू नये म्हणून. आईला हे अर्थातच ठाऊक होतं. ती सात ऐकायची आणि सहाला चहाचं आधण ठेवायची. याबद्दल दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते.

त्या दिवशी अण्णा निघाले तेव्हा आई आंघोळीला गेली होती. मी त्यांना दारात गाठलं. टीव्ही कुठवर माझा, हे कळायला हवं होतं.

"अण्णा, पक्का किती वाजता?"

"सात. खरे सात. तोवर खेळ. मी आलो की बंद."

आईला मी सांगितलं, "अण्णा सातला येणारेत." 'खरे' हा शब्द मला निरोपात जास्तीचा वाटला.

विमानाचा गेम होता. मी दुपारपासून बसलो होतो आणि कधी नाही तो शेवटच्या टप्प्यात शिरलो होतो. आमच्या क्वार्टरांमधलं कुणीच तिथवर पोचलेलं नव्हतं. कॅसेट भाड्याची, सकाळी परत द्यायची. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

सहा वाजले. आईनं आधण ठेवलं. चहा झाला. चहा गाळला. चहा निवला. ती बाल्कनीत गेली, आत आली, पुन्हा गेली.

"खाली जाऊन विचारून ये, फोन आला होता का."

मी पॉझ केला आणि पळालो. फोन खालच्या पंजाबी आंटींकडे होता. "ना पुत्तर, फोन तां कोई नहीं आया," म्हणत त्या स्वतःच वर आल्या. "आ जाणगे, भैणजी. नाके ते खडे होणगे." म्हणजे येतील, पोलिसांच्या नाक्यावर अडकले असतील. आई "हां जी, हां जी" म्हणाली. आंटी गेल्यावर तिनं चहा पुन्हा गरम केला.

"बातम्या लाव."

बातम्या लावायच्या म्हणजे टीव्हीमागची गेमची वायर काढून अँटेनाची खोचायची. मशीन चालूच ठेवलं. त्याचा लाल दिवा जळत होता आणि माझं विमान कुठेतरी आत, न दिसणाऱ्या आकाशात, लटकत होतं. बातम्यांत कुठल्याशा रस्त्यावर काही झालं होतं. कुठल्या रस्त्यावर, ते सांगितलं नाही. आईनं अर्धं ऐकलं.

"काढ ते. तुझं ते लाव."

विमान होतं तिथंच होतं. मी कंट्रोलर उचलणार, तेवढ्यात ती माझ्या शेजारी फतकल मारून बसली.

"दे इकडं."

"आई, एकच लाइफ उरलंय."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी कंट्रोलर देऊन टाकला. हातांना काहीतरी काम हवं होतं तिला. बाकी घरातलं सगळं काम करून झालं होतं.

आई खेळू लागली. म्हणजे तिनं विमान खालच्या कोपऱ्यात नेलं आणि तिथंच ठेवलं. समोरून विमानांचे थवे यायचे, ती जराशी सरकायची, ते निघून जायचे.

"आई, गोळ्या मार ना!"

"कशाला? ते आपले जातायत. जाऊ देत की."

"असं नसतं!"

"गप बस. अजून आहे न्हवं विमान? मग?"

होतं. आम्ही सगळी पोरं दिवसभर धडाधड गोळ्या मारून मरायचो, आणि ही बाई एकही गोळी न झाडता शेवटच्या टप्प्यात जगत होती. सात वाजून गेले होते. ती घड्याळाकडे बघत नव्हती, पडद्यावरून डोळे हलवत नव्हती. मीच मधूनमधून बाहेर कान देत होतो आणि लगेच पुन्हा विमानाकडे बघत होतो. कुठली काळजी कशाची होती, मला वेगळी करता येत नव्हती.

इस्पितळाच्या जीपचा आवाज मला तिच्या आधी आला. मी काही बोलायच्या आत ती उठली आणि बाल्कनीकडे धावली. कंट्रोलर हातातच. दीड हात वायर ताणली गेली, मशीन टेबलावरून खाली आलं, कॅसेट उडून कॉटखाली गेली. पडद्यावर नुसत्या रेघा.

अण्णा जिना चढून आले. "काय पडलं? खालपर्यंत आवाज आला."

"सात म्हणाला होतात!"

"सातच म्हणालो होतो. नाक्यावर अडवलं, औषधांच्या सगळ्या पेट्या उघडून दाखवायला लावल्या. झाला थोडा उशीर."

"सात म्हणजे सहा!"

अण्णा बूट काढता काढता थांबले. "तुला माहीत होतं?"

"मग? मी काय खुळी हाय?" एरवी मुलासमोर जपून बोलणाऱ्या आईचं कोल्हापूर असं एकदम बाहेर आलं.

अण्णा माझ्याकडे वळले. "'खरे सात' म्हणून सांगितलं नाहीस?"

मी कॉटखाली होतो. कॅसेट सापडली. फुंकर मारली, लावली. चालू झाली. पहिल्यापासून.

आईनं तो तीनदा तापवलेला चहा अण्णांना दिला, त्यांनी निमूट प्यायला. मग तिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "किती व्हायचं राहिलं होतं रे?"

"कुणाला माहीत? तिथवर कुणी गेलेलंच नाही."

त्यानंतर अण्णा खरी वेळ सांगू लागले. आई तरी तास वजा करायचीच.

हे सगळं मी मुलीला सांगितलं. निदान कंट्रोलर तरी वायरचा घेऊ, बॅटरीची कटकट नको, हे माझं मत त्यात घुसवलं. ती तेवढ्यात बाहेर निघाली होती. "वायरलेसच, बाबा. साडेआठला येते."

"खरे साडेआठ?"

"बसा ना, बाबा," ती म्हणाली आणि गेली. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.