विहिरीतली सून

आमच्या पनवेलच्या सोसायटीच्या फाटकापाशी शिरढोणकडची एक बाई पालेभाजी घेऊन बसते. गिऱ्हाईक कोणीही असो, ती त्याला 'बाय' म्हणते. आमच्या मिशीवाल्या चेअरमननाही.

मी ग्रामीण कथा लिहिते हे कळल्यावर ती म्हणाली, "वाचा की, बाय." मी तिथेच उभ्याने नवी कथा वाचली. शेवटी सासूच्या जाचाला कंटाळून सून विहिरीत उडी टाकते. तिथे माझा आवाज कापरा झाला.

बाईने माठाची जुडी बांधली. "गावचीच ना ती?"

"हो."

"मंग पोवता येत नाय तिला?"

"तिला मरायचंच आहे."

"वाईट सासू, नि मरायचं हिनं?" तिने माझ्या पिशवीतली नुकतीच घेतलेली मेथी काढून पुन्हा टोपलीत ठेवली. "आदी तिला भायेर काढा, मंग मेथी न्या."

शेवट बदलायचा नाही असं मी ठरवलं. तीन दिवस घरात मटकी शिजली. चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, "काढ ना गं तिला बाहेर."

मी सुनेला पोहत काठावर आणलं. ती ओल्या लुगड्यानिशी सासूसमोर जाऊन उभी राहिली आणि अशी बोलत सुटली, की लिहिता लिहिता माझी पुरेवाट झाली.

नवा शेवट ऐकून बाईने मेथी माझ्या पिशवीत घातली, उरलेल्या जुड्या भरल्या आणि टोपली डोक्यावर घेतली.

"इतक्या लवकर निघालात?"

"घरी जाते," ती म्हणाली. "आमच्या सासूला ऐकवायची हाय."