पट्टे आहेत तोवर

नागभीडजवळच्या आमच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, आज सकाळी धानाच्या आडोशाला रानडुकराचं पिल्लू दिसलं. अंगावर पिवळसर पट्टे, ओलं नाक. इतकं गोंडस की मी आधी मोबाईल काढला.

बाबांनी काठी उचलली. मागच्या हंगामात डुकरानं त्यांची मांडी फाडली, अजून लंगडतात. पिल्लू पळालं नाही, त्यांचे पाय हुंगायला लागलं. बाबांनी काठी न मारताच खाली घेतली.

"लेकरू हाये. मारवत नाई मले," बाबा म्हणाले.

काल शेजारच्या विहिरीत डुकरीण पडून मेली, बहुतेक याची मायच. तेव्हा हेच बाबा "बरं झालं" म्हणाले होते. मलाही बरंच वाटलं होतं.

हे पट्टे काही महिन्यांत जातात. त्या डुकरिणीच्याही अंगावर कधीतरी होतेच.

पट्टे गेल्यावर हेच पिल्लू धानात शिरलं, तर बाबांची काठी थांबेल? तुमची थांबेल?