दोनचा आवाज तीनमध्ये

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही वस्तू डोळ्यांनी पाहून घेतलेली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाथरीत त्यांचं मोटारी भरून देण्याचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार त्यांच्याकडे येते आणि नवी वायर गुंडाळून परत जाते. उभा जन्म मोटारींना कान लावून बसल्यामुळे असेल, पण डोळ्यांवरचा त्यांचा विश्वासच उडालेला. पंखा घ्यायला गेले की दुकानातले सगळे पंखे एकेक करून सुरू करायला लावतात आणि स्वतः मधोमध डोळे मिटून उभे राहतात. कुकर घेताना त्यांनी दुकानदाराला पाणी घालून शिट्टी करायला लावली होती. पहिल्याची शिट्टी रडकी निघाली म्हणून दुसरा चढवायला लावला, तेव्हा आक्का शरमेनं शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात जाऊन बसली. खुद्द आक्कालाही त्यांनी कानांनीच पसंत केलं. मुलगी बघायला आले तेव्हा पूर्णवेळ मान खाली. आम्हाला वाटलं, मुलगा लाजाळू आहे. पुढं कळलं की ते स्वयंपाकघराकडे कान लावून बसले होते. पोह्यात मीठ पडलंच नाही हे आईला उशिरा कळलं, त्यावर आक्का आत खळखळून हसली, आणि बाहेर दाजींचं ठरलं. चेहरा म्हणे लग्नात नीट पाहिला.

असा माणूस पेटी वाजवणार हे ओघानंच आलं. त्यांचं चौघांचं भजनी मंडळ होतं. पेटीवर दाजी, गायला बुवा, पखवाजाला अण्णा, आणि टाळ घेऊन एक निवृत्त पोस्टमन, ज्यांना टाळाशिवाय दुसरं काही बोलताना मी ऐकलेलं नाही. बुवा आणि अण्णा यांचं इतकं सख्य की पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीकसुद्धा बुवांच्या घरून मळून यायची. अण्णांना दुसऱ्या कुणाची कणीक चालायची नाही. पण एकदा पोखर्णीच्या कार्यक्रमात माईक एकच निघाला. अण्णांनी तो पखवाजाकडे ओढला, बुवांनी आपल्याकडे. असं चार-पाच वेळा झालं आणि शेवटी वायर तुटली. वायर दाजींनी तिथल्या तिथं जोडली, मंडळ काही जोडता आलं नाही. तीन वर्षं दोघांचं एकच वाक्य, 'तो असंल तर मी न्हाई.' दाजी दर गुरुवारी ठरल्या वेळी पेटी काढायचे, एक सूर धरून थोडा वेळ बसायचे आणि पेटी पुन्हा झाकून ठेवायचे. हे मला आक्कानं सांगितलं.

मग दाजींना कुठून तरी एका रेकॉर्डिंगच्या मशीनचा पत्ता लागला. एकाच टेपवर शेजारी शेजारी चार पट्टे. प्रत्येक पट्ट्यावर वेगळ्या माणसानं वेगळ्या दिवशी येऊन वाजवायचं आणि शेवटी चारही एकत्र ऐकायचे.

"चौघांनी चार दिवशी यायचं, पाव्हणं," दाजी मला म्हणाले. "भजन मातर एकच."

हे हल्ली मोबाईलवरही होतं, मी म्हणालो.

"मोबाईल चालायलाय का बंद हाय, ते कानाला कळतं का?" दाजींनी विचारलं आणि तो विषय संपला.

परभणीत एका वृद्ध चाचांची रेकॉर्डिंगची खोली होती. रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती एकेकाळी तिथंच तयार व्हायच्या. आता खोली बंद होणार होती आणि दोन जुन्या मशिनी विकायच्या होत्या. एक मोठ्या चाकांची, आठ पट्ट्यांची, नुसती चकाकत होती. दुसरी साध्या कॅसेटवर चालणारी, चार पट्ट्यांची, आणि तिच्या एका बटणाच्या जागी टूथपेस्टचं टोपण. दाजींनी दोन्ही रिकाम्या चालवल्या आणि कान टेकवून एवढा वेळ ऐकलं की चाचांनी मला चहा पाजला. मग चाचांना प्रत्येक पट्ट्यावर एक ते दहा आकडे म्हणायला लावले. टेपची गती कुठं डगमगली तर आकडा ओढल्यासारखा येतो म्हणे.

चाचा सरळ माणूस. म्हणाले, "आठवाली लेके जाव साब. चारवाली में ऐब है. हेड घिस गया, दो नंबर पट्टे का आवाज तीन में आरा."

दाजींनी डोळे उघडले. "दो पूरा बंद करे तो बी?"

"पूरा बंद करे तो बी."

"मग हीच द्या."

एसटीत मशीन मांडीवर घेऊन दाजी खुशीत बसले होते आणि मी पाथरी येईपर्यंत त्यांच्याशी भांडत होतो. विकणारा दोष सांगतोय आणि घेणारा हट्टानं तेच घेतोय, असा सौदा मी पाहिला नव्हता. दाजी एवढंच म्हणाले, "दोष आपल्या कामाचा असावा, पाव्हणं."

आक्काच्या सगळ्या गोधड्या भिंतींना लागल्या. कुकरला बंदी झाली. पहिल्या पट्ट्यावर पेटी आणि चौथ्यावर टाळ, हे एका सकाळीच उरकलं. मंगळवारी अण्णा येऊन दुसऱ्यावर पखवाज वाजवून गेले. गुरुवारी तिसऱ्या पट्ट्यासाठी बुवा आले, ते अट घेऊनच. पखवाज कानावर पडता कामा नये. दाजींनी दोन नंबर पूर्ण बंद केला. नुसत्या पेटी-टाळावर बुवा गायले, फार सुंदर गायले, आणि म्हणाले, "आता नुस्ता माझा आवाज ऐकवा."

दाजींनी बाकीचे तिन्ही पट्टे बंद केले. खोलीत बुवांचा आवाज भरला, आणि त्याच्या मागं, भिंतीपलीकडं कुणी वाजवावं तसा, बारीक पखवाज. प्रत्येक समेवर बिनचूक.

"बंद करा त्याला," बुवा म्हणाले.

"बंदच हाय."

"मंग यायलाय कामून?"

"मशीन जुनी हाय," दाजी म्हणाले.

बुवा मशीनजवळ सरकले. म्हणाले, "परत लावा." मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्यांचा हात मांडीवर ठेका धरत होता. उठताना टोपी नीट करत ते कुणाकडं न बघता म्हणाले, "कणीक कोरडी लावायलाय तो. डावा हात बसल्यासारखा यायलाय."

पुढच्या मंगळवारी अण्णा दुसऱ्या भजनाचा पखवाज वाजवायला येणार होते. ते यायच्या आधीच बुवा दाराशी हजर, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला कणकेचा गोळा. अण्णा आले, त्यांनी बुवांकडे पाहिलं, गोळ्याकडे पाहिलं. बसून जुनी कणीक खरवडून काढली आणि हात पुढं केला. बुवांनी गोळा त्या हातावर ठेवला. पोस्टमनना कुणी निरोप धाडला देव जाणे, थोड्या वेळानं तेही टाळ घेऊन आले. आक्का सांगते, त्या दिवशी मशीन सुरू करायचं चौघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

आता दर गुरुवारी ते बसतात. बुवांचा दमसास कमी झालाय, अण्णांचे हात पूर्वीसारखे चालत नाहीत, आणि ती कॅसेट अजून अर्धीच आहे. मशीन कपाटावर झाकून ठेवलेली असते. परवा मी दाजींना म्हटलं, आता तिचं काही काम उरलं नाही, देऊन टाका कुणाला तरी. दाजी एका मोटारीला कान लावून बसले होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पुढंमागं चौघांतली एखादी जागा रिकामी होईल. आवाज तर घरात पायजे."