मातीतलं खाणं

ओर्गाचा विश्वास फक्त मोकळ्या रानावर. तिच्या पोरपणी बर्फाच्या भिंतीपासून पार तळ्यापर्यंत नजर धावायची, आडवं यायला एक झाड नव्हतं. माणूस येवो की लांडगा, तो येऊन पोचायच्या आत जाळावरचं मांस शिजून व्हायचं. मग बर्फ मागं मागं सरकत गेलं. त्याच्या मागोमाग गवत आलं, गवतामागं झुडपं आणि आता भूर्जाची झाडं. त्या झाडांकडं ओर्गा बघायची ती चोराकडं बघावं तशी. मागं कोण उभं आहे ते झाड थोडंच सांगतं?

तिचा जावई बोरुक याच झाडांतून आला होता. दक्षिणेच्या जंगलातला, मासे खाणारा, पाऊल न वाजवता चालणारा. का वाजवत नसेल, हे ओर्गा लेकीला सारखी विचारायची आणि लेक, तिसू, नुसती हसायची. आता तिसूचे दिवस भरत आले होते.

त्या साली रेनडिअरचा कळप खिंडीतून उतरलाच नाही. टोळीचा म्होरक्या हाडो, म्हणजे ओर्गाचा धाकटा भाऊ, म्हणाला, "बर्फ तिकडं कळप. उद्या उजाडलं की उत्तरंला निघायचं."

तिसूला चालवत नव्हतं. बोरुक म्हणाला, आम्ही दोघं इथंच तळ्याकाठी राहतो, खायला मी घालतो. ठेवावी तर लेक ह्याच्या हाती, न्यावी तर वाटेत बाळंतपण. ओर्गाला दोन्ही पटेना.

तशात दुपारी तिनं पाहिलं. बोरुकनं वाळूत खड्डा केला, झुडपावरची टणक कवचाची फळं त्यात ओतली, वर वाळू लोटली आणि वाळूवर जाळ केला.

ओर्गा तरातरा तिकडं गेली. तिची माणसं मांस धुरावर टांगत, पाण्यात बुडवून ठेवत, दगडांखाली दडवत. मातीत जायचं ते फक्त मेलेलं माणूस. मातीत घातलं ते मेलेल्यांचं झालं, त्याला जित्यानं हात लावायचा नाही.

"काय पुरताय पाव्हणं?"

"पुरत न्हाई मामी, भाजतोय. तिसूसाठी."

"जाळ वर आन् खाणं खाली? आसं कोन भाजतं?"

"आमच्याकडं समदी."

"मग ती समदी कुटं हायती? तू एकलाच कसा आलास रं?" राग चढला की ती अरेतुरेवर यायची.

बोरुक काटकीनं निखारे सारत राहिला. "भांडून आलो," एवढंच म्हणाला. कुणाशी, कशावरून, काही नाही. ओर्गानं ते गाठीला बांधलं.

जाळ विझल्यावर त्यानं फळं उकरली. तिसूनं हात पुढं केला, तो ओर्गानं झटकला.

"आये, पोटात कावळं वरडत्यात."

"म्हनून मेलेल्याच्या वाटणीचं खाशील?"

बोरुकनं दोन फळं फोडून तोंडात टाकली. "बघा. मेलो का?"

"तुला काय हुतंय. तू तिकडचाच."

तिसूला हसू आलं आणि हसता हसताच घेरी आली. बोरुकनं धरलं म्हणून पडली नाही. पोरीचे ओठ पांढरेफटक पडलेले ओर्गानं पाहिले. तिनं मूठभर फळं उचलली, दगडानं फोडली आणि स्वतःच चावायला बसली.

हाडो धावत आला. "अक्का, ह्ये काय आरंभलंस?"

"सकाळी मी जिती असले तर पोरीला हितं ठेवायची. मेले तर तिला उचलून न्या आन् ह्याला तळ्यात बुडवा."

"आन् जिती राह्यलीस तर तू येतीस न्हवं आमच्यासंगं?"

"मग ह्याच्यावर नजर कोन ठेवनार? तू?"

सकाळी ओर्गा जिती होती. पोटात वारा धरला होता, तेवढंच. हाडोनं तिच्यापुढं पांघरायला एक कातडं टाकलं आणि टोळी बर्फाच्या दिशेनं चालू लागली. ओर्गा झाडांकडं तोंड करून बसली होती. तिसू शेजारी बसून कवचं फोडत, खात होती.

"आता तरी पटलं का मामी?" बोरुकनं विचारलं.

"एका दिसात मरत नसतं कोनी," ओर्गा म्हणाली. "हळू मारनारं असंल." आणि तिनं दुसरी मूठ उचलली.