आत घेतलेले शर्ट

मास्तरांच्या दुकानात काजं करता करता ती शिवणकाम शिकली आणि पुढे मास्तरांशीच लग्न करून बसली. गिऱ्हाइकाचं सुटलेलं पोट कपड्यात कसं लपवायचं, हे तिला त्यांनीच शिकवलं. आता तीच विद्या ती त्यांच्यावर चालवत होती. दर आठवड्याला त्यांचे शर्ट बाजूच्या शिवणीत अर्धा इंच आत घ्यायची, आपण किती वाळलो ते त्यांना कळू नये म्हणून.

दादांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, तिला शपथ घातली होती. कॅन्सर यकृतात पसरलाय, आता इलाज नाही, हे मास्तरांना सांगायचं नाही, हाय खातील. दादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं, पण हे दादांना सांगणार कोण?

घरी येणारी नर्स मात्र स्पष्ट बोलायची. बरं करणं हातात नाही, पण दुखू न देणं आहे, आणि ते घरीही जमतं. कुठे राहायचं ते पेशंटलाच विचारा. विचारायचं तर आधी सांगायला हवं. इकडे आड, तिकडे विहीर. ती मूग गिळून बसली आणि दादांनी मोठ्या हॉस्पिटलात खाट ठरवून टाकली.

हॉस्पिटलात जायच्या आदल्या दुपारी ती त्यांना शर्ट घालत होती. मास्तरांनी बगलेखालच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"टीप सरळ आलीय," ते म्हणाले. "पण अजून किती आत घेशील?"

तिचा हात बटणावरच थांबला. "कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच शर्टाला. तुला तेवढाच धीर, म्हणून बोललो नाही. मला इथेच राहायचंय. दादाला मी सांगतो."

सकाळी दादा आले. डोळे रडून सुजलेले, आणि तोंडाने म्हणत होते, महिनाभरात चालायला लागशील. मास्तर भावाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग पायाने चपला चाचपू लागले.

"चल. तू म्हणतोस तर जाऊ."

तिला दोघांचाही संताप आला. शपथ गेली खड्ड्यात.

"ते कुठेही येणार नाहीत, दादा. त्यांना सगळं माहीत आहे. विचारा त्यांनाच."

दादांना विचारवेना. भावाने मान खाली घातली होती, तेवढ्यावरून ते समजले.

"मग मी काय करू रे?"

"बस इथे," मास्तर म्हणाले. "रोज येऊन बसत जा."